वेसावे : हद्द कुठून कुठपर्यंत, आणि माणसं किती?

किनारपट्टी (धागाकर्ता)

अंधेरी पश्चिमेच्या टोकाला असलेल्या वेसाव्याचा (सरकारी कागदांत वर्सोवा) भूगोल आणि लोकसंख्या एका जागी, पडताळून लिहून ठेवावी म्हणून हा धागा. नेटवर फिरणारे आकडे एकमेकांशी जुळत नाहीत. कुठे काही हजार लिहिलेलं असतं, कुठे काही लाख.

भूगोलाची ढोबळ चौकट अशी : स्थान साधारण १९.१३ अंश उत्तर, ७२.८१ अंश पूर्व. पश्चिमेला अरबी समुद्र, उत्तरेला मालाडच्या खाडीचं मुख आणि त्यापलीकडे मढ. पूर्वेला तिवरांचा पट्टा व खाडीचे फाटे, त्यामागे लोखंडवाला आणि ओशिवरा. दक्षिणेला सात बंगला, मग जुहू. जुनं गाव समुद्र आणि खाडी यांच्यामधल्या वाळूच्या लांबट दांड्यावर, त्याच्या उत्तर टोकाला वसलं आहे. आरेच्या बाजूने येणारी ओशिवरा नदी याच खाडीला मिळते.

आता प्रश्न तीन. हद्द कुठली धरायची? २०११ च्या जनगणनेतून इतक्या छोट्या भागाची लोकसंख्या कशी काढायची? आणि किनाऱ्याची लांबी-रुंदी कशी मोजायची?

मोजणीदार

पहिल्या प्रश्नातच बाकीच्या दोन प्रश्नांचा घोळ आहे. वेसावे नावाच्या निदान पाच वेगवेगळ्या हद्दी आहेत आणि त्यातली एकही दुसरीशी तंतोतंत जुळत नाही.

एक, कोळीवाडा. मांडवी गल्ली, बाजार गल्ली, डोंगरी गल्ली अशा गल्ल्यांची वस्ती, धक्का आणि मासळी सुकवायच्या जागा.

दोन, मौजे वेसावे. हे महसुली गाव आहे, तालुका अंधेरी, जिल्हा मुंबई उपनगर. मिळकत पत्रिका, नगर भूमापन क्रमांक, जमिनीचे व्यवहार सगळे या हद्दीवर चालतात. यारी रोडच्या इमारतीतला भाडेकरू स्वतःला वेसावकर म्हणवत नसेल, तरी त्याच्या इमारतीच्या कागदावर मौजे कुठलं ते बघा.

तीन, पिनकोड ४०००६१. हा टपाल वाटपाच्या सोयीचा आहे. मढच्या पत्त्यांवरही हाच पिन दिसतो. म्हणजे पिन खाडी ओलांडतो, पण पालिकेचा विभाग खाडी ओलांडत नाही : वेसावे के/पश्चिम विभागात, मढ पी/उत्तर विभागात. पिनवरून लोकसंख्या काढणारी संकेतस्थळं इथेच चुकतात.

चार, वर्सोवा विधानसभा मतदारसंघ, क्रमांक १६४. हा गावापेक्षा कितीतरी मोठा आहे. 'वर्सोव्यात लाखो लोक' हा आकडा बहुतेक वेळा इथून उचललेला असतो.

पाच, लोकांच्या बोलण्यातलं वर्सोवा. मेट्रो १ चं वर्सोवा स्थानक (८ जून २०१४ पासून सुरू) जे. पी. रोडवर सात बंगल्याजवळ आहे, कोळीवाड्यात नाही. आणि 'वर्सोवा किल्ला' म्हणून जो दाखवला जातो तो खाडीपलीकडे मढला आहे. पोर्तुगिजांचा हा किल्ला १७३९ मध्ये वसईच्या मोहिमेत मराठ्यांनी घेतला.

म्हणून कुठलाही आकडा लिहिताना आधी हद्द लिहा, मग वर्ष, मग आकडा. हद्दीविना लिहिलेला आकडा वापरू नका.

प्रगणक

मोजणीदारांशी सहमत. आता दुसरा प्रश्न, टप्प्याटप्प्याने.

पक्के आकडे आधी. २०११ च्या जनगणनेत बृहन्मुंबई १,२४,४२,३७३. त्यातला मुंबई उपनगर जिल्हा ९३,५६,९६२. त्यातला के/पश्चिम विभाग ७,४८,६८८. या विभागात विलेपार्ले पश्चिम, जुहू, अंधेरी पश्चिम, ओशिवरा, जोगेश्वरी पश्चिम आणि वेसावे हे सगळं येतं. पलीकडचा पी/उत्तर ९,४१,३६६, त्यात मालाड, मालवणी, मढ वगैरे.

विभागाच्या खाली उतरायचा सर्वात सोपा मार्ग म्हणजे पालिकेच्या प्रभाग रचनेचे कागद. मुंबईत २२७ निवडणूक प्रभाग आहेत. रचना जाहीर होते तेव्हा प्रत्येक प्रभागाची २०११ ची एकूण लोकसंख्या, अनुसूचित जाती व जमातींची लोकसंख्या आणि उत्तर-पूर्व-दक्षिण-पश्चिम सीमांचं वर्णन दिलेलं असतं. १,२४,४२,३७३ भागिले २२७ म्हणजे सरासरी ५४,८०० च्या आसपास. तुमचा आकडा या सरासरीपासून फार लांब जात असेल तर तुम्ही एकापेक्षा जास्त प्रभाग धरले आहेत किंवा एखादा तुकडा सोडला आहे.

करायचं असं :

१. आपली हद्द कागदी नकाशावर आखा. कोळीवाडा हवा की मौजे, ते आत्ताच ठरवा.

२. तिच्यात पूर्ण येणारे आणि अर्धवट येणारे प्रभाग वेगळे करा. प्रभागांचे क्रमांक आणि सीमा रचनेगणिक बदलतात. २०१२ चा क्रमांक आणि २०१७ चा क्रमांक एकच भाग दाखवेल असं धरू नका.

३. अर्धवट प्रभागासाठी प्रगणक गट बघा. जनगणनेत एका प्रगणकाकडे दिलेला भाग म्हणजे प्रगणक गट, साधारण ६५० ते ८०० माणसांचा. प्रभाग असे पूर्ण गट जोडूनच बनवतात, त्यामुळे प्रभागाची रेषा गट कापत नाही. तुमची रेषा मात्र कापू शकते. तिथे गट अख्खा आत घ्या किंवा अख्खा बाहेर ठेवा आणि तसं लिहून ठेवा.

४. क्षेत्रफळाच्या प्रमाणात लोकसंख्या वाटू नका. ही सर्वात महागात पडणारी चूक. एका प्रभागाचं अर्धं क्षेत्र तिवरांत असेल आणि अर्ध्यावर सात मजली इमारती, तर अर्ध्या क्षेत्रात अर्धी माणसं नसतात.

त्यानंतर हा आकडा २०११ चाच म्हणून लिहायचा. २०२१ ची जनगणना झाली नाही. पुढच्या गणनेचा संदर्भ दिनांक १ मार्च २०२७ आहे. तोवर 'सध्याची लोकसंख्या' म्हणून छापलेला प्रत्येक आकडा अंदाज आहे.

तिवर

घनतेबद्दल दोन ओळी जोडतो, कारण किनाऱ्यावरच्या उपनगरात ती हमखास कमी दिसते. उदाहरणापुरतं धरू की हद्दीत ५४,००० माणसं आहेत आणि क्षेत्र २ चौरस किमी. घनता २७,०००. पण त्यातलं ०.८ चौरस किमी तिवर, चिखलाची पाणथळ आणि भरतीत बुडणारी वाळू असेल, तर राहत्या जमिनीवर घनता ४५,००० होते. दोन्ही लिहा, कारण शाळा-दवाखान्यांची आखणी दुसऱ्या आकड्यावर करावी लागते. उपनगर जिल्ह्याची २०११ ची घनता दर चौरस किमी २०,९८० दिली जाते. तीही पूर्ण ४४६ चौरस किमी वर काढलेली आहे आणि त्यात बोरिवलीचं राष्ट्रीय उद्यान, तलाव, खाड्या सगळं आलं.

तिवरांची हद्द उपग्रह चित्रावरून आखताना ओहोटीचं चित्र घ्या. आणि हिरवं दिसलं म्हणजे मोकळी, बांधता येण्याजोगी जमीन असं समजू नका. एक हजार चौरस मीटरपेक्षा मोठ्या तिवरक्षेत्राभोवती ५० मीटरचा राखीव पट्टा सोडावा लागतो.

उधाणभांग

तिसरा प्रश्न माझ्या आवडीचा आहे, म्हणून सविस्तर.

किनाऱ्याची रुंदी हा स्थिर आकडा नाही. उधाण म्हणजे अमावास्या-पौर्णिमेच्या सुमाराची मोठी भरती-ओहोटी, भांग म्हणजे अष्टमीच्या सुमाराची लहान. मुंबईच्या भरती-ओहोटीच्या तक्त्यातले सरासरी स्तर असे : उधाणाची भरती ४.४२ मीटर, उधाणाची ओहोटी ०.७६, भांगाची भरती ३.३०, भांगाची ओहोटी १.८६, आणि सरासरी समुद्रपातळी २.५१. म्हणजे उधाणाला पाणी सरासरी ३.६६ मीटर चढतं-उतरतं, भांगाला फक्त १.४४ मीटर. वाळूचा उतार ४० ला १ धरला, तर उधाणाला १४६ मीटर वाळू उघडी-बंद होते आणि भांगाला ५८ मीटर. एकाच किनाऱ्याची रुंदी दोन जण प्रामाणिकपणे मोजून दुप्पट-अडीचपट वेगळी सांगू शकतात ती यामुळे.

मोजायची रीत :

वेळ आधी काढा. आपल्याकडचा जुना हिशेब अजून उपयोगी आहे. तिथीची पाऊणपट करा, तितके तास दुपारी किंवा मध्यरात्री बारापासून पुढे मोजा, ती पूर्ण भरतीची वेळ. एकादशीला ११ ची पाऊणपट सव्वाआठ, म्हणजे भरती सव्वाआठच्या सुमाराला आणि ओहोटी त्यानंतर साधारण सहा तासांनी. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, त्यामुळे पाण्यात उतरायचं असेल तर छापील तक्ताच बघा.

मग एक न हलणारी खूण निवडा, भिंतीचा कोपरा किंवा जुना खांब. तिथून पाण्याच्या रेषेपर्यंत काटकोनात टेप धरा. तिथी, वेळ आणि तक्त्यातली पाण्याची उंची, तिन्ही टिपा. पुढची मोजणी त्याच पाण्याच्या उंचीला करा, नुसतं त्याच तारखेला नव्हे.

ऋतूही सांभाळा. पावसाळ्यातल्या लाटा वाळू ओढून आत नेतात, किनारा उभा आणि अरुंद होतो. पाऊस ओसरल्यावर शांत लाटा ती हळूहळू परत आणून टाकतात. ऑगस्टचं चित्र मार्चच्या चित्राशेजारी ठेवून 'किनारा खचला' असं सांगणं चूक. मे ची मे शी तुलना करा आणि पाच-सात वर्षांचे आकडे हातात आल्यावरच धूप झाली का ते बोला.

अजून एक गोष्ट, जी पावसाळ्याच्या बातम्यांत नेहमी गोंधळलेली असते. '४.९ मीटरची भरती' याचा अर्थ ४.९ मीटर उंचीची लाट नाही. जमिनीची ४.९ मीटर उंची बुडेल असाही नाही. तक्त्यातली उंची सागरी नकाशाच्या शून्यापासून मोजतात, जमिनीच्या समोच्च रेषा सरासरी समुद्रपातळीपासून. ४.९ मधून २.५१ वजा करा : जमिनीच्या हिशेबात पाणी २.३९ मीटरपर्यंत येतं. पालिकेच्या नाल्यांच्या आराखड्यांत टाउन हॉल डेटम हा आणखी तिसराच शून्य असतो. आराखड्याच्या कोपऱ्यात कुठला शून्य लिहिला आहे ते वाचल्याशिवाय दोन कागदांतल्या उंचीची वजाबाकी करू नका.

आणि पाणी तुंबण्याचं कारण नुसती भरती नसते. मोठी भरती असताना नाल्याचं तोंड पाण्याखाली जातं. त्याच दोन-तीन तासांत जोराचा पाऊस आला तर आतलं पाणी बाहेर पडायला वाट राहत नाही. जुहूच्या बाजूला इर्ला नाल्यावर उदंचन केंद्र (पाणी उपसून समुद्रात सोडणारं पंपिंग स्टेशन) बांधावं लागलं ते याचसाठी.

किनारपट्टी

फारच उपयोगी. किनाऱ्याची लांबी मात्र कोणी सांगितली नाही. अडीच किमी लिहू का?

उधाणभांग

लिहा, पण 'सुमारे' लावून आणि दोन्ही टोकं सांगून : दक्षिणेला कुठून सुरुवात धरली आणि उत्तरेला खाडीच्या मुखाशी कुठे थांबलात. खाडीच्या आतली कडा धरली तर आकडा लगेच वाढतो. राज्याचंच उदाहरण घ्या. महाराष्ट्राचा किनारा वर्षानुवर्षं ७२० किमी शिकवला गेला, नव्या मोजणीत तो ८७७.९७ किमी निघाला. देशाचा ७,५१६.६ वरून ११,०९८.८१ झाला. जमीन वाढलेली नाही. आधीची मोजणी फार लहान प्रमाणाच्या नकाशावरची होती, नवी १:२,५०,००० वर केली, त्यामुळे खाड्या आणि वळणं जास्त पकडली गेली. वेसाव्यासारख्या खाडीमुखाच्या गावात हा फरक प्रमाणाने आणखी मोठा येतो.

मांडवी_गल्ली

कोळीवाड्याच्या लोकसंख्येबद्दल स्वतंत्र लिहायला हवं. तो एकूण आकड्यात विरघळला की धोरण चुकतं.

पहिली गोष्ट, कोळीवाडा म्हणजे झोपडपट्टी नाही. दाट वस्ती, अरुंद गल्ल्या आणि एकमेकींना लागून घरं एवढ्यावरून कुठल्या सर्वेक्षणात तशी नोंद झाली असेल तर ती लगेच लेखी हरकत घेऊन दुरुस्त करून घ्यायला हवी. हे मूळ गाव आहे. शहर त्याच्याभोवती नंतर आलं. जोगेश्वरीपर्यंतची उपनगरं महापालिकेत १९५० मध्ये आली, दहिसर-मुलुंडपर्यंतची १९५७ मध्ये.

दुसरी, गावठाण आणि कोळीवाडा एक नव्हे. गावठाण ही महसुलाने आखलेली राहण्याची हद्द. कोळीवाड्याला त्याबाहेरची जागाही लागते : होड्या ओढून ठेवायची, जाळी विणायची-दुरुस्त करायची, जवळा पसरायची खळी, बोंबील टांगायच्या बांबूच्या चौकटी, बर्फ आणि डिझेल भरायचा धक्का. सीमांकनात फक्त घरं मोजली की या जागा नकाशावर रिकाम्या दिसतात, आणि रिकामी दिसलेली जागा दुसऱ्याच कामाला जाते. म्हणून सीमांकनासाठी नकाशा देताना प्रत्येक खळ्याचा आणि धक्क्याचा वापर महिन्यांसह लिहा. सुकवणीच्या जागा पावसाळ्यात ओस असतात, तेव्हा पाहणी झाली तर त्या 'वापरात नाहीत' अशी नोंद होते.

तिसरी, माणसं कधी मोजायची. डोल जाळं पाण्याच्या ओढीवर चालतं, उधाणाला ओढ जास्त, त्यामुळे त्या दिवसांत होड्या बाहेर असतात. भांगात माणसं बरीच घरी सापडतात. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद असते. त्या वेळी घरमालक भेटतील, पण बाहेरून आलेले खलाशी आपापल्या गावी गेलेले असतील. खलाशी वर्षातले बरेच महिने होडीवर किंवा धक्क्याजवळच्या खोलीत राहतात आणि पाणी, शौचालय, दवाखाना इथलाच वापरतात. त्यांना धरून एक आकडा आणि न धरता दुसरा, असे दोन काढा. हंगामातली फेरी फेब्रुवारीतल्या भांगाच्या दिवसांत, बंदीतली जूनच्या दुसऱ्या पंधरवड्यात घेतली तर दोन्ही चित्रं मिळतात.

प्रगणक

मांडवी_गल्ली यांच्या मुद्द्याला पूरक. मच्छीमार कुटुंबांची स्वतंत्र गणना केंद्रीय सागरी मत्स्यिकी संशोधन संस्था करते, २००५, २०१० आणि २०१६ ला झाली. २०१० च्या गणनेत महाराष्ट्रात ४५६ मच्छीमार गावं आणि ८१,४९२ मच्छीमार कुटुंबं नोंदली गेली. ती गावनिहाय असते, म्हणून कोळीवाड्यासाठी जनगणनेपेक्षा नेमकी. पण तिच्यात बिगर-मच्छीमार भाडेकरू नसतात. तो आकडा कोळीवाड्याची एकूण लोकसंख्या म्हणून देऊ नका.

लिंग गुणोत्तर काढलंत तर तेही बघा. उपनगर जिल्ह्याचं २०११ चं गुणोत्तर दर हजार पुरुषांमागे ८६० स्त्रिया आहे. ते इतकं खाली आहे त्याचं मोठं कारण कामासाठी एकटे आलेले पुरुष. कोळीवाड्याच्या कायम रहिवाशांत तसं असायचं कारण नाही. तिथेही ८६० च्या आसपास येत असेल तर तुमच्या मोजणीत खलाशी मिसळले आहेत, असं समजून याद्या पुन्हा तपासा.

किनारपट्टी

२०११ नंतरची वाढ अंदाजाने तरी कशी धरायची? उपनगर जिल्ह्याचा दशवार्षिक वाढीचा दर ८.२९ टक्के होता, तोच लावावा का?

प्रगणक

नाही. तो दर २००१ ते २०११ चा आणि संपूर्ण जिल्ह्याचा आहे. त्याच दशकात शहर जिल्ह्याची लोकसंख्या ७.५७ टक्क्यांनी घटली. जिल्ह्या-जिल्ह्यांत इतका फरक असेल तर एका किनारी गावाला सरासरी दर लावण्यात अर्थ नाही. दोन स्वतंत्र वाटांनी अंदाज काढा आणि ते कितपत जवळ येतात ते बघा.

पहिली वाट घरांची. इमारतनिहाय सदनिका मोजा, त्यातून बंद आणि केवळ कार्यालय म्हणून वापरलेल्या वजा करा, उरलेल्यांना घरामागे सरासरी माणसांनी गुणा. यारी रोडच्या बाजूला भाड्याने एकत्र राहणारी तरुण मंडळी बरीच आहेत, कोळीवाड्यात एका छपराखाली दोन-तीन चुली असतात. त्यामुळे दोन्हीकडे एकच सरासरी लावू नका. प्रत्येक प्रकारातली निदान तीस-चाळीस घरं विचारून सरासरी काढा. कोळीवाड्यात दार मोजायचं नाही, चूल मोजायची.

दुसरी वाट मतदार यादीची. आपल्या हद्दीतले यादी भाग घ्या, मतदारांची बेरीज करा, ०.७० आणि ०.७५ ने भागून दोन टोकं काढा. २१,००० मतदार असतील तर २८,००० ते ३०,०००. या वाटेच्या चुका दोन्ही दिशांनी आहेत : सोडून गेलेल्यांची आणि मृतांची नावं राहिल्याने आकडा वाढतो, भाडेकरू व खलाशी इथे नोंदलेले नसल्याने घटतो.

दोन वाटांच्या उत्तरांत पंधरा टक्क्यांहून जास्त फरक आला तर आधी हद्द तपासा. यादी भागाच्या पहिल्या पानावर गल्ल्या आणि इमारतींची नावं असतात. ती तुमच्या नकाशावर एकेक करून टेकवा.

मोजणीदार

हद्दीचं आणखी एक व्यावहारिक काम. बांधकामाच्या परवानगीसाठी जी भरतीरेषा लागते ती वर उधाणभांग यांनी सांगितलेल्या टेपने ठरत नाही. ती मंजूर किनारा व्यवस्थापन आराखड्यातून घ्यायची. समुद्राकडे भरतीरेषेपासून ५०० मीटरपर्यंत किनारा नियमन क्षेत्र (सीआरझेड). खाडीच्या कडेला २०१९ च्या सीआरझेड अधिसूचनेप्रमाणे ५० मीटर किंवा खाडीची रुंदी, यातलं जे कमी ते. वेसाव्याला दोन्ही बाजूंनी पाणी आहे, म्हणून एकाच भूखंडावर दोन्ही रेषा येऊ शकतात. दोन्ही आखून बघा, नुसती समुद्राकडची नाही.

याच अधिसूचनेत ग्रामीण किनाऱ्यासाठी लोकसंख्येची घनता थेट नियमात शिरली आहे. २०११ च्या गणनेनुसार दर चौरस किमी २,१६१ पेक्षा दाट असेल तर ना-विकास पट्टा ५० मीटर, नसेल तर २०० मीटर. वेसावे शहरी असल्याने त्याला हे लागू नाही, पण महापालिकेच्या बाहेरच्या गावांत राहणाऱ्यांनी आपल्या गावाचा आकडा जरूर तपासावा.

तिवर

मढच्या तरीबद्दल (खाडी ओलांडणाऱ्या प्रवासी होडीबद्दल) कोणी लिहिलं नाही म्हणून : वेसावे धक्का ते मढ पाण्यातून काही मिनिटांचं अंतर आहे, रस्त्याने मालाड-मार्वेवरून वळसा घालत वीसेक किलोमीटर. त्यामुळे शाळा, बाजार, दवाखान्यासाठी मढची माणसं वेसाव्यात येतात, मतदान मात्र मालाड पश्चिम मतदारसंघात करतात. सोयींवरचा भार मोजायचा असेल तर तरीच्या प्रवाशांची सकाळ-संध्याकाळची मोजणी वेगळी ठेवा. मोजणी आठवड्यातल्या कामाच्या दिवशी घ्या. रविवारी फिरायला येणाऱ्यांनी आकडा फुगतो.

किनारपट्टी

आतापर्यंतच्या प्रतिसादांवरून तक्त्याचे रकाने ठरवले आहेत : हद्दीचा प्रकार, वर्ष, आकडा कुठून घेतला, कायम रहिवासी, हंगामी खलाशी, एकूण क्षेत्र, राहतं क्षेत्र, दोन्ही घनता. किनाऱ्याच्या तक्त्यात खूण, तिथी, वेळ, पाण्याची उंची, रुंदी. कोळीवाड्याची चूलनिहाय मोजणी गल्लीवार वाटून घ्यायची आहे. ज्यांना एखादी गल्ली घेता येईल त्यांनी खाली गल्लीचं नाव लिहावं.

मांडवी_गल्ली

मांडवी आणि बाजार गल्ली माझ्याकडे लिहा. रकान्यांत एक वाढवा : 'सुकवणीची जागा आहे/नाही, कुठल्या महिन्यांत वापर'.